दादाची उंच जीप

दादाला जीप एवढी उंच करून जायचं तरी कुठे होतं? घरात सगळ्यांना विचारलं मी. पळस्प्याच्या गॅरेजमध्ये त्याने स्प्रिंगला जास्तीचे पाटे घातले आणि ट्रॅक्टरसारखे टायर चढवले. पहिल्यांदा आईला बसवायला गेला, तर तिचा पाय पोचेना.

"मेल्या, गाडीत बसवतोस का माडावर चढवतोस?"

"आये, जरा उडी मार."

शेवटी आम्ही दोघांनी ढकलून तिला आत घातलं. पक्षी बघायला कर्नाळ्याला पोचल्यावर ती खाली उतरेना. म्हणाली, "मी नाय उतरत आता. पक्षी इकडंच घेऊन या."

मागच्या महिन्यात दादा गेला. त्याला त्याच्याच जीपमधून स्मशानात न्यायचं, हा हट्ट माझा. चौघांनी तिरडी उचलली, पण ती मागच्या फाळक्यापर्यंत जाईना. पुढे खांदा देणारा काका दमून म्हणाला, "जाताना पन आमचा घाम काढतो बघ!" रडणारे सगळे हसले. तेवढ्यात तिरडी कलली आणि आई ओरडली, "पाडू नका रे त्याला!"

मी फाळक्याखाली ओणवा झालो. "काका, पाय ठेव माझ्या पाठीवर."

पुढचे दोघे माझ्या पाठीवरून वर चढले आणि दादा सरळ आत गेला.