रसात मुरलेलं पाणी

दवाखान्यात एक्स-रेच्या रांगेत पुनमशेजारी एक म्हातारा धापा टाकत बसला होता. सोबत त्याची लेक होती, मैत्री.

"उद्या कॉलेजच्या मुलाखतीत काय सांगणार? आधी मला सांग."

"पप्पा, बोलू नका. दम लागतो तुम्हाला."

"बोलायचं तुला हाय. मी निस्तं ऐकतो."

"आपल्या मोशीच्या खाणीतला काळा दगड आधी वितळलेला रस होता. त्यात पाणी विरघळलेलं असलं, की स्फटिक उशिरा धरतात. पांढरे तर फारच उशिरा."

"आगीत पाणी?"

"हो, खोल दाबाखाली मुरलेलं. रस वर आला की ते वाफ होऊन सुटतं, मग स्फटिक भराभर धरतात."

"तीस वर्षं फोडला त्यो दगड, पण ह्ये ठावं नव्हतं. गाडी कितीची हाय उद्या?"

मैत्री पप्पांची फाईल चाळू लागली. पुनमने उगाच हातातला कागद उलगडला.

"मी येत नाही म्हणून कळवलं, पप्पा. सोमवारपासून चाकणला कंपनीत जाते. मी तिकडं शिकायला गेले, तर तुम्हाला इथं कोण आणणार?"

"आत्ता फोन लाव त्यास्नी."

"माझ्या जागी दुसरीला बोलावलंय."

आतून हाक आली, "अण्णासाहेब!"

म्हातारा भिंतीला धरून उठला.

"चांगलं सांगितलंस," तो म्हणाला. "मला समदं कळलं."