भिंगरीचा आवाज

वर्षभर कपाटात कुलूपबंद होतं, आत्ता कुठे बाहेर निघालं! पोरीचं तोंडच कुलपात घातल्यासारखं — आणि वर मुख्याध्यापक म्हणे, महागाचं यंत्र आहे, मोडलं तर? अहो, वापरलं तर मोडेल ना! — तू का घाबरलीस? तुला नाही बोलत मी. बस. पाचवीत तुझ्याइतका खणखणीत आवाज कुणाचा नाही, म्हणून तुला थांबवलंय. हे बघ, चित्राचं बटण दाबलं की यंत्र शब्द बोलतं. भिंगरीला तोंडाने बोलता येत नाही, म्हणून सगळे शब्द मी माझ्याच आवाजात भरले होते — पाणी, दुखतंय, नको. त्या ‘नको’वरून केवढं महाभारत! मुख्याध्यापक म्हणे, आधी मागायला तर शिकू दे, ‘नको’ कशाला? मी म्हटलं, जिला नको म्हणता येत नाही, तिचं मागणं तरी कसलं? भांडून ठेवलं. आणि परवा भिंगरीने काय करावं — ‘बाई’ दाबलं, ‘आवाज’ दाबलं, ‘नको’ दाबलं. मग खिडकीतून बोट, मैदानात ओरडणाऱ्या तुझ्याकडे. — बरोबरच आहे तिचं! एवढ्याशा पोरीने बाईंच्या आवाजात का बोलावं? मला वाईट नाही वाटलं. म्हणजे — नाही वाटलं.

चल, लाल बटण दाबून धर, माझा शब्द पुसला जाईल, मग तू बोल. ‘पाणी.’ शाब्बास! ‘दुखतंय’ — अगं, हसत काय म्हणतेस, दुखतंय ना? हां, असं. — ते होय? ते ‘बाई, इकडे या ना’. ते शेवटी करू. सुट्टीत कपाटातून काढून यंत्र मी घरी न्यायचे, चार्जिंग उतरू नये म्हणून. खोलीवर एकटीच असते ना — भांडी घासायच्या आधी तेवढं एक बटण दाबायचे. ‘बाई, इकडे या ना.’ आवाज माझाच, माहितीय की — पण मी खरंच हात पुसून जायचे. — वर्गात सांगू नकोस हं हे. बरं, दाब आता. दाब गं, बघतेस काय! गेलं? बोल. — आले, आलेच — नाही, म्हणजे, छान म्हटलंस. झालं तुझं काम. पळ, आई फाटकाशी थांबली असेल.

दाराबाहेर कोण? शिपाईमामा? कुलूप लावायचंय ना, निघतेच मी.

“सावकाश, बाई. झाडता झाडता मघापासून ऐकतोय — भिंगरी केवढं बोलायला लागली हो!”