शेवग्याच्या पाल्यावरचे लावे

देवनहळ्ळीच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर बहीण-भाऊ भांडत होते.

"गुंडू, आपल्या लावा पक्ष्यांच्या खाद्यात तू अँटिबायोटिक मिसळतोस?"

"स्वल्प हळू बोल, अक्का."

"का हळू? शेवग्याचा पाला मी वाळवायचा, लसूण मी कुटायचा, 'औषधाविना वाढवलेल्या लाव्यांची अंडी' म्हणून गिऱ्हाइकांना छातीठोकपणे मी सांगायचं, आणि माझ्या पाठीमागे तू पुड्या ओतणार?"

"नुसत्या पाल्यावर पाखरं जगतील, याची मला खात्री नव्हती."

"मग तसं माझ्या तोंडावर सांगायचं होतंस!"

"त्या अंड्यांनी कुणाला काही होत नाही गं."

"हो? तुझी पोरं खातात?"

"त्यांना... बाहेरची आणतो."

"आणि माझ्या बाळंतीण लेकीकडे डबे भरभरून अंडी पाठवत होतास, ती कुठली रे?"