खालच्या आळीत वाजलेल्या परातीबाबत

दिनांक १ जुलै १९८६

नाव : श्रीमती तुळसा काशीराम शिवलकर
वय : सत्तरच्या आसपास, दाखला नाही
शिक्षण : दुसरी
धंदा : पूर्वी सुकी मासळी विकणे, आता घरकाम
राहणार : मांडवी, खालची आळी, रत्नागिरी

आज पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं म्हणून मी आपल्या पायांनी हजर झाले आहे. हवालदारांनी जे विचारलं त्यावरून माझ्या तोंडाने सांगते ते असं की,

मी वरील ठिकाणी सून मथुरा व नातू सदानंद ऊर्फ सदू यांच्यासोबत राहते. मुलगा मुंबईस गोदीत नोकरीला आहे, तो गणपतीला येतो. सदू मालवाहू बोटीवर खलाशी आहे. यंदा सुट्टीवर येताना त्याने रंगीत टीव्ही आणला. तो माझ्या पडवीत ठेवलेला आहे. त्याचा ॲन्टेना दोन्ही आळ्यांच्या मध्ये जो नारळ आहे त्याच्या शेंड्यावर बांधलेला आहे. त्या नारळावरून आमचं आणि वरच्या आळीतील हरिश्चंद्र भाटकर, ज्याला सगळे तात्या तांडेल म्हणतात, त्यांचं पूर्वीपासून बोलणं बंद आहे. ॲन्टेना बांधल्यापासून ते जास्तच बंद झालं.

जून महिन्यात मेक्सिको देशात फुटबॉलचे सामने सुरू झाले. तिकडे दुपार तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र, असं सदूने मला लिंबू फिरवून समजावलं. खालच्या आळीतली सगळी पुरुषमंडळी माझ्या पडवीत जमू लागली. पावसाळ्यात मोठ्या होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, माणसांना काम नसतं. मी पण बघत होते, कारण माझ्या घरात बारा पुरुष ओरडत असताना मी झोपणार कुठे. खेळ मला पहिल्यांदा वेडेपणाचा वाटला. जाळं एवढं मोठं आणि त्यात येणार काय तर एक चेंडू. पुढे पुढे बरा वाटला. दहा नंबरचा एक बुटका होता, त्याला चौघे धरायला जात आणि तो वाम माशासारखा निसटत असे. तसा माणूस होडीवर असावा.

या ओरडण्याबद्दल वरच्या आळीची हरकत होती. त्यावर देवळात बैठक झाली, दोन्ही आळ्या होत्या. बायका बाहेर पायऱ्यांवर होत्या, मी आत होते. हरिश्चंद्र म्हणाला, “पावसाळ्यात रात्री किनारा ऐकायचा असतो. तुम्ही ओरडत बसलात तर कोण बुडतोय ते ऐकायला कसं येणार?”

सदू म्हणाला, “तात्या, अख्खं जग ओरडतंय. आपलीच आळी मुकी ठेवायची काय?”

हरिश्चंद्र म्हणाला, “तुझं जग कुठं आलं रे? पालीच्या अलीकडे की सावर्ड्याच्या पलीकडे?”

सगळे हसले. हरिश्चंद्राचा मुलगा बाळा याने टीव्ही समुद्रात टाकण्याची भाषा केली. आमच्यातल्या एकाने त्याला, आधी तुझ्या बापाचा रेडिओ टाक, असं म्हटलं. हरिश्चंद्र रात्री रेडिओवर भजन लावतो ते खरं आहे. शेवटी हरिश्चंद्रानेच तोड काढली. तोंडाने हवं तेवढं ओरडा, पण भांडं वाजवायचं नाही. सदूने देवळाच्या उंबऱ्याला हात लावून कबूल केलं. मी समोर होते.

भांडं का नाही, असं हवालदारांनी मला विचारलं. ते घाटावरचे आहेत म्हणून सांगते. पावसाळ्यात लहान होड्या खाडीच्या तोंडाशी जातात. त्यांच्यावर वेळ आली की किनाऱ्यावरून पितळेवर टोले द्यायचे, अशी आमच्याकडे रीत आहे. ऐकलं त्याने “आलो” म्हणून आरोळी द्यायची आणि दोर घेऊन धावायचं. कोणाची होडी ते विचारायचं नाही. भांडण असो, कोर्टकचेरी असो, विचारायचं नाही. म्हणून रात्री आमच्याकडे परात पडली तरी बाई आधी तिच्यावर हात ठेवते, आवाज मारते, मग पाय चोळते.

दिनांक २९ जून रविवारी रात्री शेवटचा सामना होता. बाहेर पाऊस आणि वारा दोन्ही होतं. पट्ट्यांच्या सदऱ्यांवाल्यांनी, म्हणजे बुटक्याच्या बाजूने, दोन गोल केले. मग हिरव्यांनी दोन केले. तेव्हा पडवीत कोणाच्या घशात आवाज राहिला नव्हता. सदू उभा होता. रात्रीचा एक वाजून गेल्यावर त्या बुटक्याने चेंडू पुढे सोडला आणि दुसऱ्या एकाने तो घेऊन धावत जाऊन जाळ्यात घातला. स्वतः नाही केला, दुसऱ्याला दिला. ते मला आवडलं.

त्या वेळी सदूने भिंतीला टेकवलेली माझी पितळी परात उचलली आणि वरवंट्याने वाजवली. चार टोले दिले. पाचव्याला हात वर गेला तो तिथेच राहिला. पडवीतले सगळे दाराकडे बघू लागले. टीव्हीत मात्र माणसं नाचत होती.

मग वरच्या आळीतून “आऽऽलो” अशी आरोळी आली. तिच्या मागे दुसरी आली, मग तिसरी. सगळ्यात पहिली आरोळी हरिश्चंद्राची होती. तो आवाज मला ओळखता येतो. माझा नवरा काशीराम गेला त्या रात्री टोले मी दिले होते, आणि पहिली आरोळी त्याचीच आली होती. काशीरामला बाहेरही त्यानेच काढलं. उपयोग झाला नाही. त्या गोष्टीचं इथे काही काम नाही.

आमची माणसं अंगणात जाऊन “नको, नको, काही नाही” म्हणून ओरडू लागली. वाऱ्यात शब्द कळत नाही, ओरडणं तेवढं कळतं. त्यामुळे वरच्या आळीची माणसं अजून जोरात धावली. कंदील आणि बॅटऱ्या जेटीकडे उतरताना मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या. त्यांत बाळा होता, टीव्ही समुद्रात टाकणारा. त्याच्या अंगावर सदरा नव्हता, खांद्यावर दोर होता. गेले तीन आठवडे ज्यांनी आमच्या आळीला शिव्या घातल्या त्यांच्यातला एकही घरात राहिला नव्हता. हे तक्रारीत लिहिलेलं नाही म्हणून मी सांगते.

सदू परात टाकून धावला. मी छत्री घेऊन मागून गेले. हरिश्चंद्राचं वय माझ्याएवढं आहे, गुडघा जातो, तरी तो सगळ्यांच्या पुढे जेटीच्या खालच्या दगडांवर गेला होता. तिथे शेवाळ असतं. त्याचा पाय सरकला आणि तो दोन दगडांच्या मधल्या पाण्यात पडला. लाट येत होती. सदूने उडी टाकली. बाळाने वरून दोर सोडला. सदूने तो म्हाताऱ्याच्या काखेतून घेतला आणि वरच्या माणसांनी ओढला. कोणती आळी कुठल्या टोकाला होती ते मला अंधारात दिसलं नाही. त्यांनाही दिसलं नसावं.

वर आणल्यावर हरिश्चंद्राचा पाय गुडघ्याखाली वाकडा होता. त्याने पहिलं विचारलं, “माणसं वर आली काय सगळी?”

सदू म्हणाला, “तात्या, होडी नव्हती.”

हरिश्चंद्र म्हणाला, “कोणच नव्हतं पाण्यात?”

सदू म्हणाला, “नाय.”

हरिश्चंद्र म्हणाला, “मग बरं झालं.” आणि डोळे मिटून पडला. मी माझ्या आयुष्यात माणसं बघितली आहेत. पाय मोडून घेतल्यावर हे बोलणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही. त्याला मी हे सांगितलेलं नाही, कारण बोलणं बंद आहे.

सदूने त्याच्या पायाला दोन्ही बाजूंनी फळ्या लावून लुगड्याच्या पट्टीने बांधलं. बोटीवर शिकवतात म्हणे. पट्टी माझ्या लुगड्याची आहे. रिक्षा येईपर्यंत सदूने त्याला पाठीवर घेऊन चढण चढली. मी शेजारून चालत होते. अर्ध्यावर हरिश्चंद्राने विचारलं, “मग टोले कशाचे?”

सदू म्हणाला, “गोल झाला, तात्या. मी वाजवली.”

म्हाताऱ्याने सदूच्या खांद्यावरची पकड बदलली. रिक्षात ठेवताना म्हणाला, “किती झाले?”

“तीन दोन.”

“हां,” म्हणाला. रिक्षा इस्पितळात गेली.

सोमवारी बाळाने इथे तक्रार दिली, की सदानंद शिवलकर याने मुद्दाम खोटा इशारा देऊन लोकांचा जीव धोक्यात घातला व वडिलांना जखमी केलं. बाळाचा राग खोटा नाही. त्याच्या बापाचा पाय मोडला आहे. सदूला शुक्रवारी मुंबईहून बोटीवर चढायचं आहे. त्याच्या कंपनीला पोलिसांचा चांगल्या वागणुकीचा दाखला लागतो. इथे गुन्हा लिहिला गेला तर दाखला नाही, आणि ही बोट गेली तर दुसरी कधी मिळेल याचा भरवसा नाही. मुलाच्या गोदीतल्या पगारात घर भागत नाही. हे मला कोणी समजावायची गरज नाही.

काल रात्री मथुरेने मला सांगितलं, “आई, तुम्ही एवढंच म्हणा, परात पडली. तुम्ही म्हातारं माणूस, तुमचं कोण खोटं मानणार?” आळीतल्या इतरांनीही तसंच सांगायचं ठरवलं आहे, आणि माझ्या आधी ज्यांचे जबाब झाले त्यांनी तसं सांगितलंही असेल. मी मथुरेला विचारलं, “परात पडताना चारदा पडते काय गो?” ती रडली. ती आई आहे, तिने रडावं.

तरी मी सांगते की परात पडलेली नाही. सदूनेच वाजवली. खोडी म्हणून वाजवली नाही, आनंदात हाताला आलं ते उचललं, पण उंबऱ्याला हात लावून कबूल केल्यानंतर वाजवली. तो माझा नातू आहे आणि गाढव आहे. आज परात पडली असं मी म्हटलं, तर पुढच्या पावसात खरे टोले पडतील तेव्हा वरच्या आळीत कोणीतरी कूस बदलून म्हणेल, तुळसाची परात पडली असेल. आणि पाण्यात कोणाचा तरी मुलगा असेल. सदूची एक बोट जाईल ती जाऊ दे.

हवालदारांनी मला, आजी तुम्हाला याचा परिणाम माहीत आहे ना, असं विचारलं. मी सांगितलं, लिहा.

इथपर्यंत लिहून झालं तेव्हा हरिश्चंद्र भाटकर ठाण्याच्या दारात आला. त्याला वरच्या आळीच्या चौघांनी खुर्चीत बसवून आणलं होतं. पायाला प्लास्टर होतं. बाळा मागून “तात्या, डॉक्टर काय म्हणाले, तात्या” करीत आला. सदू बाहेरच्या बाकावर बसलेला होता, तो उठून उभा राहिला. हरिश्चंद्राने त्याच्याकडे बघितलं नाही. दारातूनच मला विचारलं, “वैनी, परात पडली की वाजवली?”

इतक्या काळाने तो माझ्याशी बोलला. मी म्हटलं, “वाजवली, भावोजी. सदूने.”

तो म्हणाला, “असंच लिहून दिलंस?”

मी म्हटलं, “हवालदारांना विचारा, मला धड वाचता येत नाही.”

हवालदारांनी मान हलवली. हरिश्चंद्र म्हणाला, “मग माझी काही तक्रार नाय. पडली म्हणाली असतीस तर होती.” बाळा काही बोलायला गेला तेव्हा त्याला म्हणाला, “पाय माझा मोडलाय की तुझा?”

नंतर त्याने सदूला सांगितलं, “बोटीवर जाईपर्यंत रोज रात्री जेटीवर बसायचं. छत्री घेऊन ये. मी नाही बसू शकत, तू ऐकायचं.” सदू हो म्हणाला. मी पदर तोंडाला लावला, कारण मला खोकला झाला आहे.

हरिश्चंद्राचं म्हणणं त्याच्या जबाबात वेगळं लिहाल ते लिहा, पण माझ्या कागदातही राहू दे, असं मी हवालदारांना सांगितलं व त्यांनी ते लिहिलं.

वरचं सगळं हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. गाढव या शब्दाच्या जागी त्यांनी अविचारी असं लिहिलं होतं, ते मी परत गाढव करून घेतलं. बाकी मी बोलले तसंच उतरलं आहे. कोणी मला पढवलेलं नाही, पढवायला आले त्यांचं मी ऐकलं नाही. अंगठा नको, नाव लिहिता येतं.

तुळसा काशीराम शिवलकर