सरळ केलेला टोंगळा

माहं गाव वलगावच्या पुढं, काळ्या मातीतलं. शाळा म्या तिसरीपर्यंत पाह्यली, मंग गुरुजीनं कान धरला तं म्या शाळाच सोडून देल्ली. माह्या बापाचे पाय कमानीसारखे बाहेर वाकलेले, माहेबी तसेच. पोट्टे मांगून हासत, बुढ्याच्या पायातून डुक्कर निंगून जाईन म्हणत. जाऊ द्या ना, तुमच्या बापाचं काय जाते? त्याच पायावर म्या वावर वाह्यलं, त्याच पायावर पोऱ्याले शिकवलं, आन् तोच पोऱ्या आता मले शिकवून राह्यला.

तं काय सांगू तुमाले, आमच्या गावात मारोतीचे रोडगे असले का जगरा माह्याकडं. पहिले बापाकडं होता, मंग माह्याकडं आला. जगरा म्हंजे पेटवलेल्या गवऱ्या, जाळ खाली बसला का त्याच्यात कणकीचे गोळे, तेच रोडगे, दाबाचे, फिरवाचे, राखीतून काढाचे. उभ्यानं होत नाई ते काम. दोन्ही टोंगळे, तुमी गुडघे म्हन्ता ते, छातीशी घेऊन उकिडवं बसा लागते, दुपार टळेपर्यंत. आन् खुर्ची तिथं चालत नाई. पहिला रोडगा देवाचा असते, देवाचं जेवण शिजून राह्यलं आन् तुमी खुर्चीत बसता का, सायबावानी? आमच्या गावात कोणीच बसलं नाई आजलोक.

मंग उजवा टोंगळा आतल्या अंगानं दुखाले लागला. चाललो का आतून सुरी फिरल्यावानी. सुधाकर, माहा पोऱ्या, अकोल्याले हापिसात हाये, तो घेऊन गेला मले डाक्टरकडं. डाक्टर मानूस चांगला, खोटं कायले बोलू. फोटो काढला, उजेडात धरला, म्हणे बाबा, पाय वाकडा असल्यानं सारं वजन आतल्या बाजूवर पडते, तिथली गादी झिजली. टोंगळा बदलाची गरज नाई, खालचं हाड कापू, आतून थोडी फाक उघडू, पट्टी ठोकू, पाय सरळ होईन, वजन बाहेरच्या बाजूवर सरकन. मंग त्यानं इचारलं, बाबा, खाली बसता का, मांडी घालून, उकिडवं?

म्या तोंड उघडतोच आहो तं सुधाकर म्हणे, नाही सर, घरी आता सगळी सोय आहे, कमोड आहे, जेवण टेबलावर होतं, बाबा खाली बसतच नाहीत.

टेबल त्याच्या घरी, अकोल्याले. माह्या घरच्या टेबलावर तं सरकीची पोती हायेत! पन म्या गप बसलो. काऊन, तं चारचौघात लेकाले खोटं पाडाचं नाई, अशी आमच्या घरची रीत हाये. बापानं मले कधी पाडलं नाई, म्या त्याले पाडलं नाई. रीत पाळली, आन् टोंगळा गेला.

आपरेशन झालं, हाड जुळलं. आतलं दुखनं गेलं, तेबी सांगतो, गेलंच. पाय असा सरळ झाला का बुढी म्हणे, लग्नाच्या टायमाले असा असता तं म्या तुमाले पाटलाचा समजली असती. गावात लोक पाहाले आले. नामदेव, माहा लहानपनचा सोबती, जगऱ्यावर त्याचा डोया पहिल्यापासून, तो म्हणे, पाय सरळ झाला गा, मानूस वाकडाच राह्यला.

मंग रोडगे आले. म्या जगऱ्यापाशी गेलो, धोतर सावरलं, खाली बसलो. बसलो तं वाटीत, टोंगळ्याच्या समोरच्या वाटीत, असं दाबलं का कोणी दगड ठेवून वर उभं राह्यलं. डोयातून पानी आलं, लोकाइले वाटलं धुपट लागलं. उठता येईना. दोघाइनं काखेत हात घालून उचललं मले, सारं गाव पाहून राह्यलं होतं. नामदेव पुढं आला. चिमटा उचलला आन् माह्या जागी बसला. बोलला असता तं बरं झालं असतं.

परत अकोल्याले गेलो. डाक्टरनं फोटो पाह्यला, म्हणे वाटीची दोरी खालच्या हाडाले बांधलेली असते. आपन त्या बांधल्या जागेच्या वर फाक उघडली, तं दोरीनं वाटी थोडी खाली ओढली. चालताना कमी जानवते, पन पाय जेवढा वाकवान तेवढी वाटी हाडावर दाबते. उकिडवं बसनं म्हंजे सगळ्यात जास्त दाब. म्या म्हनलं, मंग पहिले काऊन नाई सांगतलं? तो म्हणे, म्या इचारलं होतं ना, बाबा. बसता म्हनले असते तं कापाची जागा खाली धरून पाह्यली असती, वाटीले ओढ कमी बसली असती. हमी नाई, पन पाह्यलं असतं.

सुधाकर भिंतीकडं पाहून राह्यला होता.

आता डावा टोंगळाबी तसाच आतून दुखते, आन् सुधाकर म्हन्ते, बाबा, दुसऱ्या पायाचं करून घेऊ, ह्या वेळी मी नीट सांगतो त्यांना. म्हनलं, तू सांगू नको. तुह्या सांगन्यानं एक पाय गेला. तुले बापाची लाज वाटली, बाप जमिनीवर बसते म्हून. त्या जमिनीनंच तुले हापिसात बसवलं. तो रडला. म्या त्याले पोटाशी नाई घेतलं. घ्याले पाह्यजे होतं, बुढी म्हन्ते. म्हनू दे.

ह्या वर्षीच्या रोडग्याले त्यानं खुर्ची आनली, नवी कोरी, जगऱ्यापाशी ठेवली. म्या म्हनलं, कडूलिंबाखाली ने, तूच बस तिच्यावर. मंग म्या खाली बसलो. डावा टोंगळा छातीशी, वाकडा, दुखरा, पन माह्या कामाचा. उजवा पाय समोर लांब, सरळ, राखीत. नामदेवनं पाह्यलं, सरकला, चिमटा माह्याकडं केला. म्हणे, लांब पाय जपजो, भाजून जाईन. म्हनलं, भाजू दे, तो डाक्टरचा हाये.

डाव्याले म्या कोनाले हात लावू देत नाई. दुखते तं दुखो. तुमी लिहून घेऊन राह्यले ना, लिहा मंग. मारोती तुमचे टोंगळे साबूत ठेवो. आन् डाक्टरनं तुमाले काही इचारलं, तं लेक जवळ असो का जावई, जबाब तुमीच देजा.