झालंच समज

(आईचं घर. धाकटा हत्यारांची पिशवी घेऊन नुकताच आलाय. ताई बाथरूमचं दार अडवून उभी.)

ताई : थांब, आधी पिशवी उघडून दाखव. मागच्या वेळी अशीच फुगलेली आणलीस आणि आत निघाला तुझा जेवणाचा डबा.

धाकटा : ड्रिल आहे, स्क्रू आहेत आणि हा आईला धरायला दांडा. सागवानी. फिरव हात, कुठे कुसळ लागतंय का बघ.

ताई : अरे वा! उशीर सोडला तर काही खोट नाही. आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?

धाकटा : टोमणे नंतर मार. आई कुठाय?

ताई : भाजीला गेलीय. येईलच. आल्यावर कर ना.

धाकटा : नको. ती यायच्या आत बसवून मोकळा होतो. तिच्यादेखत भिंतीला भोकं पाडायचं तोंड नाही मला.

ताई : मग आज राहू दे.

धाकटा : राहू दे? वर्षभर तूच डोकं खाल्लंस! म्हणे, लोकांचे जिने बांधतोस, कठडे बसवतोस, आणि आई अंघोळीला भिंत चाचपत जाते. आता आणलाय तर राहू दे? सरक.

ताई : बरं, पण तो टॉवेल तसाच असू दे.

धाकटा : कुठला? हा? हा कशावर टाकलाय... ताई, हे काय?

ताई : पाइप.

धाकटा : पाइप दिसतोय मला. इथे कुणी ठोकला?

ताई : प्लंबरने. गळका नळ बदलायला आला होता. आईने भीतभीत विचारलं, जाता जाता एवढं कराल का. त्याने पिशवीतला तुकडा काढला, ठोकला आणि गेला. चहालाही थांबला नाही.

धाकटा : केवढा तिरका बसवलाय. कधीची गोष्ट?

ताई : उन्हाळ्याच्या आधीची.

धाकटा : काहीतरीच काय! मी त्यानंतर आलोय की. इथेच तोंड धुतलंय. ह्याच टॉवेलला पुसलंय!

ताई : तू यायच्या आधी आई तो टाकून ठेवायची. पाइप दिसला तर पोराला वाईट वाटेल म्हणे. मला शपथ घातली होती.

धाकटा : पण ती तर फोनवर अजून विचारते, दांड्याचं कुठवर आलं!

ताई : आणि तू काय म्हणतोस?

धाकटा : ...झालंच समज.

ताई : हं.

धाकटा : ताई, मेल्याहून मेल्यासारखं झालं गं.

आई : दारात चपला कुणाच्या? अरे, तू! कळवलं नाहीस ते! थांब हं, आत जाऊ नकोस, मी जरा टॉवेल...

ताई : राहू दे आई. बघितला त्याने.

आई : लपवायचं एवढं एक काम सांगितलं होतं तुला.

ताई : घ्या! आता बोलणी मीच खायची.

धाकटा : आई, मला का नाही सांगितलंस?

आई : काय सांगायचं? तू म्हणायचास झालंच समज. मीही समजत होते. पण समजुतीला धरून उठता येत नाही रे. एकदा पाय सरकला...

धाकटा : पडलीस?

आई : बसले. एक हात बादलीत, एक साबणावर. आधी हसू आलं. मग रडू.

धाकटा : लाज वाटते गं माझी मला. लाकूड कापून कधीचं ठेवलं होतं. म्हटलं, आईचं काम आहे, निवांतपणे करू. निवांत वेळ काही येईना. मग उशीर झाला, म्हणून जास्त चांगलं करायला हवं वाटायला लागलं. त्यात आणखी उशीर. शेवटी दुकानात त्या कोपऱ्याकडे बघवेना, तर वर फळ्या रचून टाकल्या.

ताई : ह्याने फळ्या, हिने टॉवेल. मायलेक अगदी एका साच्यातले.

धाकटा : आणि इथे यायचंही...

आई : कळत होतं मला. आधी दर रविवारी यायचास. मग सणक भरली, गिऱ्हाईक आलं, गाडी बिघडली. दांडा मिळाला मला, पण पोरगा येईनासा झाला.

धाकटा : मग विचारत कशाला राहिलीस?

आई : विचारायचं सोडलं असतं, तर तुला वाटलं असतं, आईने माझी आशा सोडली.

धाकटा : तेच वाटलं. परवा पहिल्यांदाच विचारलं नाहीस. तू फोन ठेवलास. तसाच उठलो, फळ्या हटवल्या आणि घासायला बसलो.

आई : परवा? अरे, परवा दूध उतू जात होतं, म्हणून घाईत ठेवला मी फोन!

ताई : आई, असं दूध आधीच उतू जाऊ द्यायचं होतंस.

धाकटा : हस, ताई. हसण्यासारखंच आहे. सरका, तो पाइप काढतो आधी.

आई : हात लावू नकोस त्याला. तिरका असला तरी हाताला सवय झालीय. तुझा दांडा दे इकडे... किती गुळगुळीत केलास रे! हा बाहेरच्या पायरीपाशी लाव. उतरताना चौकट धरावी लागते मला.

धाकटा : पायरीपाशी? मग उन्हापावसाचं पॉलिश लागेल. एक हात मारतो आणि उद्या सकाळी...

ताई : आली गाडी जुन्या रुळावर.

आई : पॉलिशवाचून काय अडलंय? मी धरून धरून होईल पॉलिश.

धाकटा : ...बरं. ताई, वायर ओढ बाहेर.

आई : मी भाजी टाकते तोवर. मधेच उठून जाऊ नकोस.

ताई : ह्याची चप्पल मी लपवून ठेवते.

धाकटा : ताई, नीट धर गं. हलवू नकोस. हां, असं.

आई : काय रे, झालं का?

धाकटा : झालंच स... नाही गं आई. एक भोक पाडलंय फक्त.