नामाच्या गोलांवर लावलेला कौल

मंडळी, नामाच्या घरचे आप्पा, शालनवहिनी. मला बोलायला उभं केलंय. गेल्या आठवड्यात भाताच्या खाचरात छातीत कळ आली आन् आपला नामा गेला. मी बबन, त्याच्या हॉकी संघाचा गोलकीपर. त्याचा समदा खेळ म्या मागनं बघितलाय, म्हणून बोलतो.

मगापासनं ऐकतोय. नामा देवमाणूस व्हता, नामा हिरा व्हता. व्हताच की! पण खरं सांगू? मला ह्या कौतुकाचा संशय येतोय. तुमाला तो हिरा कधीपासनं वाटायला लागला?

भोरच्या मैदानावर आमी खेळायचो तवा त्याला काय म्हणायचे, आठवतंय? ठोंब्या. बॉल पायाजवळनं जायचा आन् हा उभाच. एवढ्या लांब हिर्डोशीवरनं चालत आलाय, दमला असंल, असं कुणी म्हणालं न्हाई. मग त्याला चष्मा लागला. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून तो चष्मा डोक्याला बांधायचा. आन् गडी जो सुटला! त्या हंगामात त्याची एक मॅच गोलाबिगर गेली न्हाई.

आपल्याला आनंद व्हायला पायजे व्हता का न्हाई? पण न्हाई! ठोंब्या गोल मारतोच कसा? स्टिकमधी काय भरलंय? पंच फितवलाय का? शेवटी देवळात जाऊन कौल लावला. देवाला फुलं चिकटवली आन् ईचारलं, नामा सरळ खेळतोय का? उजवं फूल पडलं. सरळ खेळतोय, देवानं सांगितलं. मग काय म्हणालात? गुरव त्याचा मामा हाय! म्हंजी देवावर बी संशय. चष्मा समद्यांच्या डोळ्यासमोर व्हता, त्याचं कुणी नाव काढलं न्हाई.

नाव काढलं ते एका मॅचला समोरच्या पानशेत संघाच्या कप्तानानं. चष्म्यातच कायतरी हाय म्हणून अडून बसला. नामानं काढून हातात दिला. "घाला की." त्यानं घातला, दोन पावलं टाकली आन् गोलपोस्टला धरून उभा राहिला. "आरं, समदं गरगरतंय!"

नामा म्हणाला, "मला चष्म्याआदी असंच दिसायचं."

त्या दिवशी ठोंब्याचा नामदेवराव झाला. फेटा बांधला, खांद्यावर घेतला. पण फायनलला एक पेनल्टी स्ट्रोक हुकला आन् लगेच एसटी स्टँडवर कुजबुज सुरू झाली. नामा फितूर झाला. म्या त्याला ईचारलं, "तुला राग येत न्हाई व्हय रं?" म्हणाला, "बबन, कुणाकुणाला चष्मा देत बसू?" हसला. पण परत मैदानावर पाय ठेवला न्हाई. मला त्याचं अजून लई वाईट वाटतं.

आन् आज? आत्ता हितं चपला काढताना कुणीतरी म्हणालं, "छातीत कळच आली, का दुसरंच काय?" वहिनी शेजारनं चालल्या व्हत्या. त्यांनी ऐकलं. पदर वढून घेतला आन् पुढं जाऊन बसल्या.

आता समदे उभे ऱ्हावा. दोन मिनिटं शांत राहायचंय. नामाबद्दल आपण जन्मात कधी गप राहिलो न्हाई. आज तेवढं करू.

रामराम, नामा.